जँगोमध्ये पत्ता जुळत नाही तेव्हा: रूटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या कॉलेजांत, क्लासेसमध्ये किंवा घरी बसून जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) शिकायला लागलेल्यांसाठी हे पान आहे. रूटिंग म्हणजे कोणता पत्ता आला की कोणता व्ह्यू (पान बनवणारं फंक्शन किंवा क्लास) चालवायचा ते ठरवणं. सगळीकडे एकच छोटं उदाहरण घेतलं आहे: लोकलच्या स्टेशनांची यादी, प्रत्येक स्टेशनाचं पान आणि नवं स्टेशन नोंदवायचा फॉर्म. प्रोजेक्टचं नाव ‘मुंबई’, ॲपचं नाव ‘स्टेशन्स’. कोडमधली नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करायची. जिथे पत्ता खरोखर देवनागरीत आहे, तिथे तसं स्पष्ट सांगितलं आहे.

४०४ (पान सापडलं नाही) आला. सगळ्यात आधी काय बघायचं?

फिकट पिवळ्या पट्टीचं ते पान पूर्ण वाचायचं. बहुतेक जण ४०४ हा आकडा बघतात आणि थेट यूआरएल्स.पीवाय (पत्त्यांचे पॅटर्न, म्हणजे रूट, जिथे लिहितात ती फाइल) उघडून काहीतरी बदलायला लागतात. तिथेच तास-दोन तास जातात.

सेटिंग्जमध्ये ‘डीबग’ ट्रू असेल तर हे पान दोन प्रकारचं असतं. पहिल्या प्रकारात जँगोने कोणकोणते पॅटर्न कोणत्या क्रमाने तपासले त्याची क्रमांकवार यादी असते, आणि शेवटी लिहिलेलं असतं की सध्याचा पत्ता यातल्या कशाशीच जुळला नाही. ही खरी रूटिंगची चूक. दुसऱ्या प्रकारात वरच्या पट्टीत ‘रेज्ड बाय’ अशी ओळ असते आणि तिच्यापुढे एखाद्या व्ह्यूचं नाव असतं. म्हणजे पत्ता व्यवस्थित जुळला, व्ह्यू चाललासुद्धा, आणि त्या व्ह्यूनेच ४०४ दिला. बहुधा डेटाबेसमध्ये तशी नोंद नसते. अशा वेळी यूआरएल्स.पीवाय तपासून उपयोग नाही. फक्त व्ह्यूचं नाव तुम्हाला अपेक्षित होतं तेच आहे ना, एवढं बघून घ्या (क्रमाबद्दलचा प्रश्न पुढे आहे).

पहिला प्रकार असेल तर ‘करंट पाथ’ आणि यादीतला पॅटर्न एकाखाली एक लिहून अक्षर-अक्षर ताडून बघा. शेवटचा ‘एस’ राहिलेला असतो, कॅपिटल-स्मॉलचा फरक असतो (जँगो तो मानतो), किंवा मध्ये दोन तिरक्या रेघा आलेल्या असतात. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर जे येतं ते जुळवणीत धरलंच जात नाही, त्यामुळे पॅटर्नमध्ये प्रश्नचिन्ह लिहू नका. ती मूल्यं व्ह्यूमध्ये रिक्वेस्ट.गेट मधून घ्या.

रॉकेटचं पान (जँगोचं स्वागताचं पान) दिसत होतं. पहिला रूट लिहिला आणि मुख्य पानावर ४०४ आला. काय बिघडलं?

काही बिघडलं नाही. ते पान तुम्ही स्वतः एकही रूट लिहिलेला नसतो तोपर्यंतच दिसतं. पहिला रूट आला की मुख्य पत्त्याची जबाबदारी तुमची. पाथ('', व्ह्यूज.मुख्यपान) असा रिकाम्या स्ट्रिंगचा पॅटर्न लिहा.

ॲपच्या फाइलमध्ये रूट लिहिलाय, पण ४०४ च्या यादीत तो दिसतच नाही.

मग तो जँगोपर्यंत पोहोचलेलाच नाही. या क्रमाने तपासा.

१. फाइल सेव्ह केली आहे का? एडिटरच्या टॅबवर ठिपका असेल तर नाही.

२. प्रोजेक्टच्या यूआरएल्स.पीवाय मध्ये पाथ('स्टेशन्स/', इन्क्लूड('स्टेशन्स.यूआरएल्स')) ही ओळ आहे का? ‘स्टार्टॲप’ कमांड ॲपच्या फोल्डरमध्ये यूआरएल्स.पीवाय बनवत नाही. ती फाइल आपणच बनवायची आणि आपणच जोडायची.

३. यादीचं नाव नेमकं ‘यूआरएलपॅटर्न्स’ आहे का? शेवटचा ‘एस’ विसरला तर जँगो सांगतो की इन्क्लूड केलेल्या फाइलमध्ये पॅटर्नच दिसत नाहीत, आणि जोडीला सर्क्युलर इम्पोर्टची शक्यताही दाखवतो. नवशिके त्या सर्क्युलर इम्पोर्टच्या मागे लागतात. आधी स्पेलिंग बघा.

४. टर्मिनलमध्ये सर्व्हर चालू आहे का, की लाल अक्षरांत एरर देऊन थांबलाय? दुसऱ्या खिडकीत जुन्या प्रोजेक्टचा सर्व्हर ८००० पोर्टवर चालू राहिलेला असतो आणि ब्राउझर त्यालाच विचारत असतो, असंही होतं.

‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मध्ये ॲपचं नाव नाही म्हणून रूट चालत नाही, असा समज फार पसरलेला आहे. रूटिंगचा त्या यादीशी संबंध नाही. मॉडेल्स, ॲपच्या फोल्डरमधली टेम्प्लेट्स आणि मायग्रेशन मात्र तिच्यावर अवलंबून आहेत, त्यामुळे नाव घालायचंच.

तिरकी रेघ नेमकी कुठे द्यायची? सुरुवातीला की शेवटी?

शेवटी. सुरुवातीला कधीच नाही. इन्क्लूडमध्ये जुळलेला भाग कापून टाकला जातो आणि उरलेला तुकडाच ॲपकडे जातो. वरच्या फाइलमध्ये 'स्टेशन्स/' आणि खालच्या फाइलमध्ये 'नवे/' असेल तर पूर्ण पत्ता स्टेशन्स/नवे/ होतो. वरची रेघ विसरलात तर पॅटर्न स्टेशन्सनवे/ होतो. खाली '/नवे/' लिहिलंत तर मध्ये दोन रेघा येतात. वर रेघ नाही आणि खाली सुरुवातीला आहे, अशा दोन चुका एकत्र आल्या तर पत्ता चालतो, पण पुढचा रूट त्यात लिहिताना गोंधळ होणारच. ‘पायथन मॅनेज.पीवाय चेक’ चालवा. सुरुवातीची रेघ सापडली की यूआरएल्स.डब्ल्यू००२ ही सूचना मिळते. सर्व्हर सुरू होतानाही ती टर्मिनलमध्ये येते, पण सगळे ब्राउझरकडे बघत असतात.

शेवटची रेघ न देता पत्ता टाकला तरी पान उघडतं. मग फॉर्म सबमिट करतानाच का अडतं?

‘अपेंड स्लॅश’ ही सेटिंग मुळात ट्रू असते. रेघ नसलेला पत्ता जुळला नाही, पण रेघ लावल्यावर जुळत असेल, तर कॉमन मिडलवेअर ३०१ (पत्ता कायमचा बदलला, असं उत्तर) देऊन ब्राउझरला रेघवाल्या पत्त्यावर पाठवतं. साध्या पानासाठी ते ठीक आहे. फॉर्मची पोस्ट रिक्वेस्ट अशी वळवली तर ब्राउझर ती गेट करून पाठवतो आणि भरलेली माहिती गळून जाते. म्हणून डीबग चालू असताना जँगो तिथे मुद्दाम रनटाइम एरर देऊन थांबवतो. डीबग बंद असेल तर काहीच न बोलता माहिती जाते, आणि हे जास्त वाईट.

उपाय: फॉर्मच्या ‘ॲक्शन’मध्ये पत्ता हाताने लिहू नका, यूआरएल टॅग वापरा. ही सोय उलट दिशेने चालत नाही, हेही लक्षात असू द्या. पॅटर्न रेघेशिवाय लिहिला असेल आणि कुणी रेघ देऊन आलं, तर सरळ ४०४.

फॉर्मवर ४०३ येत असेल तर तो प्रश्न वेगळा आहे. सीएसआरएफ टोकन टॅग राहिलाय.

‘नवे’ हे पान उघडायला गेलं तर स्टेशनाच्या तपशिलाचं पान ४०४ देतं.

क्रम चुकलाय. जँगो वरून खाली बघतो आणि पहिला जुळणारा पॅटर्न घेतो; त्याहून अचूक दुसरा पुढे आहे का, हे तो शोधत नाही. '<स्लग:कोड>/' वर आणि 'नवे/' खाली असेल तर ‘नवे’ हाच स्टेशनाचा कोड समजला जातो, तपशील व्ह्यू तो डेटाबेसमध्ये शोधतो आणि न सापडल्याने ४०४ देतो. ओळखायची खूण म्हणजे ‘रेज्ड बाय’पुढे तुम्हाला नको असलेल्या व्ह्यूचं नाव. ठरलेले शब्द असलेले पॅटर्न वर, बदलता भाग असलेले खाली, अशी सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पत्त्यात देवनागरी नावं ठेवली. परळ उघडतं, दादर ४०४ देतं. एकाच यादीतली दोन स्टेशनं, मग असं का?

या प्रश्नाचं उत्तर इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सहसा सापडत नाही, म्हणून इथे सविस्तर देत आहोत. या उत्तरातले पत्ते खरोखर देवनागरीतले आहेत.

असं होत असेल तर तुम्ही री_पाथ (रेजेक्स, म्हणजे खुणांनी लिहिलेला नमुना, घेणारा पाथ) आणि त्यात ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ वापरलं आहे. पायथनच्या नेहमीच्या री मॉड्यूलमध्ये ती खूण अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर यांनाच जुळते. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नाहीत, जोडचिन्हं आहेत. ‘परळ’मध्ये प, र, ळ ही तीन सुटी अक्षरं आहेत, म्हणून ते जुळतं. ‘दादर’मध्ये काना आला की जुळणी तुटते.

स्लग कन्व्हर्टर (कन्व्हर्टर म्हणजे पत्त्यातल्या बदलत्या भागात काय चालेल ते ठरवणारा) वापरलात तर परळसुद्धा उघडणार नाही, कारण तो फक्त रोमन अक्षरं, 0 ते 9 हे इंग्रजी अंक, हायफन आणि अंडरस्कोर घेतो. इंट कन्व्हर्टरचंही तसंच. ‘१२’ हा देवनागरी आकडा त्याला चालत नाही, जरी पायथनचं इंट फंक्शन तोच आकडा विनातक्रार बारा म्हणून वाचतं.

खरा धोका स्लगिफाय फंक्शनमध्ये (नावावरून पत्त्यात घालायचा तुकडा, म्हणजे स्लग, बनवणाऱ्या) आहे. नुसतं स्लगिफाय('दादर') केलं तर रिकामी स्ट्रिंग मिळते. मग शोधाशोध करून कुणीतरी ‘अलाउ युनिकोड’ ट्रू करायला सांगतं. ते केलं की दादरचं ‘ददर’ होतं, कुर्ल्याचं ‘करल’, वडाळ्याचं ‘वडळ’, आणि चर्नी रोडचं ‘चरन-रड’. एरर येत नाही, म्हणून चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. ‘अलाउ युनिकोड’वाला स्लगफील्डही पुरेसा नाही: ॲडमिनमध्ये ‘दादर’ टाइप केलं की तो ते चुकीचं ठरवतो, कारण त्याची तपासणी त्याच खुणेवर उभी आहे.

करायचं ते असं. मॉडेलमध्ये कॅरफील्ड ठेवा, त्याला ‘युनिक’ लावा, मोकळ्या जागेऐवजी हायफन घालून नाव साठवा, आणि पॅटर्न '<एसटीआर:नाव>/' लिहा. एसटीआर कन्व्हर्टर तिरकी रेघ सोडून सगळं घेतो. नाव खरं आहे की नाही ते गेट_ऑब्जेक्ट_ऑर_४०४ बघेल. जास्त काटेकोर हवं असेल तर स्वतःचा कन्व्हर्टर लिहा: एक क्लास, त्यात रेजेक्स, टू_पायथन आणि टू_यूआरएल या तीन गोष्टी, आणि रजिस्टर_कन्व्हर्टरने त्याला दिलेलं नाव. रेजेक्समध्ये युनिकोडचा देवनागरी पट्टा आणि हायफन द्या. षोडशमान पद्धतीत हा पट्टा ०९०० ते ०९७एफ असा आहे, एकूण १२८ जागा. टू_पायथनमध्ये युनिकोडडेटाच्या नॉर्मलाइझने नाव एनएफसी रूपात (युनिकोडच्या ठरलेल्या एकसंध रूपात) आणा.

ते रूप कशासाठी? ‘ऱ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी साठवलं जातं: एकसंध, किंवा र आणि नुक्ता मिळून. दिसायला सारखंच, संगणकाला वेगळं. एनएफसीने ती दोन्ही एक होतात. पण ‘दुसऱ्या’सारख्या शब्दात काही कीबोर्ड र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर टाकतात, ते एनएफसीने बदलत नाही आणि तो जॉइनर वरच्या पट्ट्यातही येत नाही. अशी नावं असतील तर नोंद करताना आणि पत्ता वाचताना, दोन्हीकडे एकच रूप स्वतः बदलून घ्या.

व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर पत्ता टक्क्यांच्या खुणांनी भरलेला आणि लांबलचक दिसतो, ती चूक नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि प्रत्येक बाइट पत्त्यात तीन अक्षरांनी लिहिला जातो. ‘दादर’ची चार चिन्हं, म्हणजे ३६ अक्षरं. जँगो ते उलगडून व्ह्यूला पुन्हा ‘दादर’च देतो. एवढ्यावरून मराठी पत्ते सोडून देऊ नका. मराठी वाचकाला मराठीत पत्ता मिळणं ही योग्यच गोष्ट आहे, फक्त ती नीट बांधावी लागते.

आता दादरचा पत्ता जुळतो, पण ५०० (सर्व्हरमधली चूक) येतो. ‘मल्टिपल ऑब्जेक्ट्स रिटर्न्ड’ म्हणजे काय?

दादर नावाच्या दोन नोंदी आहेत, एक पश्चिम रेल्वेची आणि एक मध्य रेल्वेची. गेट_ऑब्जेक्ट_ऑर_४०४ एकही नोंद नसेल तर ४०४ देतं. एकाहून जास्त असतील तर एरर वर फेकतं. इथे नावाला ‘युनिक’ लावताच येणार नाही. पत्त्यात मार्ग घालावा असं वाटेल, पण वांद्रे आणि अंधेरी पश्चिम आणि हार्बर या दोन्ही मार्गांवर आहेत. तिथे एकाच स्टेशनाचे दोन पत्ते होतील. आमच्या मते पत्त्यात रेल्वेचा स्टेशन कोड ठेवणं उत्तम: पश्चिमेच्या दादरचा डीडीआर, मध्यचा डीआर. मराठी नाव हवंच असेल तर कोडपुढे हायफन देऊन जोडा आणि शोध कोडवरून घ्या.

पत्ता जुळतो, पण टाइप एरर येतो.

मजकूर बघून लगेच कळतं.

‘अनएक्स्पेक्टेड कीवर्ड आर्ग्युमेंट’: पॅटर्नमध्ये <इंट:पीके> आणि फंक्शनमध्ये आयडी असं वेगळं नाव आहे. दोन्हीकडे एकच ठेवा.

‘मिसिंग १ रिक्वायर्ड पोझिशनल आर्ग्युमेंट: रिक्वेस्ट’, तोही सर्व्हर सुरू होतानाच: पाथमध्ये व्ह्यूज.यादी() असे कंस दिलेत. तिथे फंक्शन चालवायचं नसतं, फक्त त्याचं नाव द्यायचं असतं. क्लासच्या व्ह्यूचं याउलट: ॲज_व्ह्यू() लागतंच, कंसासकट. ते विसरलं तर नव्या जँगोमध्ये सर्व्हर सुरू होतानाच यूआरएल्स.ई००९ ही चूक येते; जुन्या जँगोमध्ये पान उघडताना ‘टेक्स १ पोझिशनल आर्ग्युमेंट बट २ वेअर गिव्हन’ येतं.

‘डिडन्ट रिटर्न ॲन एचटीटीपीरिस्पॉन्स’ हा व्हॅल्यू एरर आहे: व्ह्यूमध्ये रिटर्न राहिलं. फॉर्म चुकीचा भरला तर काय परत द्यायचं, ती फांदी बहुतेक वेळा सुटलेली असते.

नोरिव्हर्समॅच का येतो?

इथे दिशा उलटी असते. नावावरून पत्ता बनवायचा असतो आणि तो बनत नाही. त्यामुळे चूक उघडलेल्या पत्त्यात शोधू नका. त्या पानाच्या टेम्प्लेटमधल्या एखाद्या लिंकमध्ये ती आहे.

नाव सापडलं नाही असं म्हणत असेल तर पाथमधलं ‘नेम’ तपासा. ॲपच्या फाइलमध्ये ॲप_नेम लिहिलं असेल तर नुसतं 'तपशील' चालत नाही, 'स्टेशन्स:तपशील' लिहावं लागतं. ‘रजिस्टर्ड नेमस्पेस नाही’ असं म्हणत असेल तर ॲप_नेम लिहायचं राहिलं, किंवा इन्क्लूड राहिलं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार म्हणजे आर्ग्युमेंटच्या जागी रिकामी स्ट्रिंग दाखवणारा. यात नाव बरोबर असतं, पण टेम्प्लेटला दिलेलं व्हेरिएबल रिकामं असतं. व्ह्यूने कॉन्टेक्स्टमध्ये ‘स्टेशन’ दिलं आणि टेम्प्लेटमध्ये ‘एसटी.पीके’ लिहिलं, तर टेम्प्लेट तक्रार करत नाही, गुपचूप रिकामं मूल्य पुढे पाठवतं आणि यूआरएल टॅग कोसळतो. अजून सेव्ह न केलेल्या ऑब्जेक्टलाही पीके नसतो. वर सांगितलेल्या स्लगिफायमुळे स्लग रिकामा राहिला असेल तर तोही इथेच उघडा पडतो.

स्टेशनाचं नाव बदललं. जुन्या लिंक कशा जपायच्या?

एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात २०१७ मध्ये ‘महाराज’ आलं. जुन्या पत्त्यासाठी रिडायरेक्टव्ह्यू लावा, ‘पॅटर्न_नेम’मध्ये नवं नाव द्या. ‘परमनंट’ मुळात फॉल्स असतं, म्हणजे ३०२ जातो. सगळं तपासून होईपर्यंत तसंच ठेवा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो. चुकीच्या जागी एकदा ३०१ गेला की कोड दुरुस्त करूनही तुमचा ब्राउझर जुन्याच ठिकाणी नेत राहतो. तसं झालं तर प्रायव्हेट विंडोमध्ये तपासा.

ट्युटोरियलप्रमाणे लिहिलं, पण ‘यूआरएल’ इम्पोर्टच होत नाही.

ट्युटोरियल जुनं आहे. पाथ आणि री_पाथ २०१७ च्या डिसेंबरमध्ये जँगो २.० सोबत आले, आणि जुनं यूआरएल फंक्शन जँगो ४.० मध्ये काढून टाकलं गेलं. रेजेक्स तसाच ठेवायचा तर री_पाथ वापरा. पाथमध्ये सुरुवातीची टोपी आणि शेवटची डॉलरची खूण तशीच ठेवू नका. पाथ ती साधी अक्षरं समजतो आणि काहीच जुळत नाही.

तसंच लॉगआउटची साधी लिंक ४०५ देत असेल तर तुमच्याकडे जँगो ५ किंवा पुढचं आहे. तिथे लॉगआउट फक्त पोस्टने होतं. बटण असलेला छोटा फॉर्म करा.

लॅपटॉपवर चालतं, मोबाइलवर नाही.

सर्व्हर ‘रनसर्व्हर ०.०.०.०:८०००’ असा सुरू करा, लॅपटॉपचा आयपी ‘अलाउड होस्ट्स’मध्ये घाला, आणि मोबाइलवर त्या आयपीपुढे :८००० टाका. ४०० आला तर ‘अलाउड होस्ट्स’ राहिलंय. काहीच न येता पान फिरत राहिलं तर फायरवॉल आडवा आलाय, किंवा कॉलेजच्या वायफायवर उपकरणांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही. अशा वेळी मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडा.

डीबग फॉल्स केलं आणि सीएसएस गायब झालं.

तुमचे रूट ठीक आहेत. डीबग बंद असताना रनसर्व्हर स्टॅटिक फाइल्स देत नाही. शिकत असाल तर डीबग चालू ठेवा. साइट लोकांसाठी चढवताना कलेक्टस्टॅटिक चालवून व्हाइटनॉइझ किंवा एन्जिनएक्सकडे ते काम द्या.

ब्राउझर न उघडता रूट तपासता येतो का?

येतो, आणि जास्त लवकर येतो. ‘पायथन मॅनेज.पीवाय शेल’ उघडा, जँगो.यूआरएल्स मधून रिझॉल्व्ह आणि रिव्हर्स इम्पोर्ट करा. रिझॉल्व्ह('/स्टेशन्स/नवे/') कोणता व्ह्यू मिळेल, कोणती मूल्यं जातील आणि कोणता पॅटर्न जुळला ते सांगतं; इथे मात्र सुरुवातीची रेघ द्यावी लागते. जुळलं नाही तर रिझॉल्व्हर४०४ येतो. रिव्हर्स उलटं काम करतं. ब्राउझरने लक्षात ठेवलेले ३०१ यात आड येत नाहीत. याच दोन ओळी टेस्ट फाइलमध्ये ठेवल्या तर पुढच्या वेळी क्रम चुकला की टेस्टच सांगेल.

फ्लास्क, रेल्स किंवा लाराव्हेल वापरत असू तर?

आधी रूटची यादी छापून घ्या: ‘फ्लास्क रूट्स’, ‘रेल्स रूट्स’, ‘पीएचपी आर्टिझन रूट:लिस्ट’. लाराव्हेलमध्ये रूट बदलूनही फरक पडत नसेल तर ‘रूट:क्लिअर’ चालवा, जुनी कॅश राहिलेली असते. फ्लास्कमध्ये रूटच्या शेवटी रेघ असेल तर रेघेशिवाय आलेल्याला ३०८ ने वळवलं जातं. रेघ नसेल आणि कुणी देऊन आलं तर ४०४. तिथे दोन फंक्शनांना एकच नाव दिलं तर ‘ओव्हररायटिंग ॲन एक्झिस्टिंग एंडपॉइंट’ येतो. लॉगिन तपासणारा डेकोरेटर रूटच्या वर लावला तर एरर येत नाही, पण तपासणीही होत नाही; रूटचा डेकोरेटर सगळ्यात वर हवा. फास्टएपीआयमध्येही वरून खाली क्रम लागतो, पण तिथे चूक ४२२ म्हणून दिसते: ‘नवे’ हा शब्द आकडा म्हणून वाचायचा प्रयत्न होतो. उपाय तोच, ठरलेल्या शब्दाचा रूट वर न्या.